घरातले आवाज: ध्वनिमांडणी आणि जात्यावरची ओवी

ध्वनिमांडणी म्हणजे अशी कलाकृती, की जिच्यात आवाज हेच मुख्य साहित्य असते आणि ऐकणारा खुर्चीला खिळून न राहता त्या आवाजाच्या जागेत वावरतो. मॅक्स न्यूहाउस यांनी १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये रस्त्यावरील जाळीखालून अखंड नाद सोडला. त्याला ना आरंभ होता ना समेवर येणे. कॅनडाच्या जॅनेट कार्डिफ यांच्या २००१ च्या कृतीत ४० आवाज ४० स्वतंत्र ध्वनिवर्धकांतून ऐकू येतात, आणि गाण्याखेरीज गायकांचे खाकरणे व आपसांतले बोलणेही तिच्यात राखलेले आहे. घरगुती जीवनाच्या दृष्टीने गाण्यापेक्षा हे खाकरणेच अधिक मोलाचे, कारण घर अशाच बिनमहत्त्वाच्या मानल्या गेलेल्या आवाजांनी भरलेले असते.

महाराष्ट्रात या विचाराचे सर्वांत जवळचे उदाहरण कलादालनात नसून जात्यापाशी सापडते. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुढे बर्नार बेल यांच्या साहाय्याने त्यांतील अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण जीवनाच्या संग्रहाने त्या मजकुरासह व आवाजासह लोकांपुढे आणल्या. समोरासमोर बसलेल्या दोघी एकच खुंटा धरून पाळी फिरवतात, मधूनच एकीचा हात मूठभर दाणे जात्याच्या तोंडात सोडतो, आणि माहेर, भाऊ, पंढरी, सासरचा जाच, बाबासाहेब हे सारे दगडाच्या घरघरीवर स्वार होऊन येते. हे दळण पहाटे चाले आणि त्या वेळी घरातील पुरुषमंडळी बहुधा झोपलेली असल्याने समोर बसून बोलता न येणारे येथे गाता येत असे. छापील ओवी वाचणाऱ्याला कवित्व मिळते, पण दळणाचा दम मिळत नाही. म्हणून केवळ शब्दांपुरते केलेले संकलन, कितीही कष्टाचे असले तरी, अपुरेच म्हणावे लागते. (पिठाच्या गिरणीने बाईचे कष्ट हलके केले, तेव्हा जाते गेल्याबद्दल गळा काढण्याचेही कारण नाही.)

जाते गेले तरी मुंबईतील वडाळ्यात राहणाऱ्यांना हा विषय परका वाटू नये. पहाटे नळाला पाणी आल्यावर उडणारी बादल्यांची धांदल, कुकरच्या शिट्ट्या, हार्बर मार्गावरील लोकल, ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री बंदरातील जहाजांनी एकदम दिलेले भोंगे, हे येथील घरांचे ध्वनिसंचित होय. पुनर्विकासात भिंती जाड होतात, खिडक्या बंद राहतात आणि शेजारचे घर ऐकू येईनासे होते. असे आवाज टिपायला खिशातला मोबाइल पुरतो. मात्र मुद्रण सुरू करण्यापूर्वी जिच्या कामाचा तो आवाज आहे तिची परवानगी घ्यावी, आणि मुद्रणासोबत तारीख, जागा, काम व तिची संमती असल्यास तिचे नावही नोंदवून ठेवावे.