तहकूब न होणारी सभा



आपल्या साहित्य संमेलनाचे स्वागताध्यक्ष आत्ता ‘ही भव्य सभा’ म्हणाले. भव्य असेलही. पण मी बोलणार, तुम्ही ऐकणार, मधे चहा फिरणार. याला सभा म्हणायची खोड आपल्याला पुढाऱ्यांनी लावली. हेलिकॉप्टर उतरलं, साहेब बोलले, सभा गाजली. ऐकणाऱ्यानं तोंड उघडलं, तर ती उधळली!

चंद्रपूरच्या कुठल्याही पानठेल्यावर उभे राहा. ‘लोकसभा झाली, आता विधानसभा, मग झेडपी.’ म्हणजे लोकसभा हे निवडणुकीचं नाव. मत दिलं की सभा संपली. आत बसून पाच वर्षं काय होतं, त्याच्याशी या शब्दाचा संबंधच उरलेला नाही.

आणि ग्रामसभा? वर्तमानपत्रात तिची एकच बातमी: कोरमअभावी तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे सगळ्यांना पाठ. मग शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो. चुलीपुढची बाई ओला हात पदराला पुसून अंगठा देते, कशावर ते तिला कुणी सांगत नाही. ठराव सर्वानुमते मंजूर.

पण गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात जा. तिथं ग्रामसभा म्हणजे २६ जानेवारीचा कार्यक्रम नव्हे. ग्रामसभा म्हणजे अख्खं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. एकाचं जरी अडलं तरी बोलणं चालू राहतं. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी कायद्यात गौण वनोपज म्हणून लिहिलेला बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. शेवटी २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना मेंढ्यात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावं लागलं. आमच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावानं तर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. हातचा पैसा सोडायचा ठराव कोणत्या विधानसभेनं केलाय, सांगा!

हे काही भाबडं ग्रामप्रेम नाही, कायदा आहे. आदिवासी क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा, २००६चा वनहक्क कायदा. ग्रामसभेत प्रतिनिधी नसतात. गावातला प्रत्येक प्रौढ तिचा सभासद. आमदाराला पाडता येतं, ग्रामसभेला कोण पाडणार? २०१३मध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं ग्रामसभांपुढे ठेवला. बाराच्या बारा ग्रामसभा ‘नाही’ म्हणाल्या. आपल्याकडे सूरजागडच्या खाणीची जनसुनावणी २०२२मध्ये झाली कुठे, तर दूर गडचिरोलीला, जिल्ह्याच्या ठिकाणी. आणि खाणीचा डोंगर एटापल्ली तालुक्यात!

आता साहित्यिकांकडे वळतो, पळू नका. आपल्या कथा-कादंबऱ्यांत ग्रामसभा आली की सरपंचाचं भांडण, दारू आणि विनोद. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर रात्र रात्र नाटक चालतं. सर्वसहमतीसाठी रात्र जागवणारं गाव त्यात मला अजून भेटलेलं नाही. आदिवासी दिसला की आपण ढोल वाजवतो. तो ठराव लिहितो, हिशेब ठेवतो, वनखात्याच्या पत्राला कलम दाखवून उत्तर देतो, हे आपल्या लेखणीला पचत नाही.

संध्याकाळी खुल्या अधिवेशनात ठराव येतील. दरवर्षी सूचक, अनुमोदक, टाळ्या, मंजूर. यंदा प्रत्येक ठरावाला विरोध कुणाचा, हे मी विचारणार आहे, आणि एक जरी हात वर झाला तर त्याचं ऐकून घेतल्याशिवाय पुढे सरकणार नाही. जेवणाला उशीर होईल. संयोजकांनी आचाऱ्याला आत्ताच सांगून ठेवावं.