गुल मकईची वही



या मंडपाच्या दारात सकाळपासून आठ-दहा मुली उभ्या आहेत. नऊवारी, नथ, हातात निरांजनाचं ताट. मलाही त्यांनीच ओवाळलं. एकीला विचारलं, "कितवीत गं?" म्हणाली, "अकरावीत." "आज कॉलेज नाही?" "आहे, पण सरांनी स्वागतासाठी थांबायला सांगितलंय." आणि आजच्या परिसंवादाचा विषय आहे मुलींचा शिक्षणहक्क. मला राग आला आहे. तो मी गिळणार नाही.

सकाळपासून इथे मलालाचं नाव निघालं ते प्रत्येक वेळी गोळीपासून. 9 ऑक्टोबर 2012, मिंगोरा, शाळेतून घरी निघालेली गाडी, मलाला कोण असं विचारणारा बंदूकवाला. मग बर्मिंगहॅमचं हॉस्पिटल, मग 2014 चं नोबेल. शूर मुलगी म्हणून टाळ्या. या सांगण्यात गोळी खाणारी मुलगी तेवढी उरते, लिहिणारी पुसली जाते. साहित्याच्या व्यासपीठावर तरी मी हे चालू देणार नाही.

गोळीच्या आधी वही होती. 15 जानेवारी 2009 नंतर स्वातमध्ये मुलींची एकही शाळा चालता कामा नये, असा तालिबानचा हुकूम निघाला होता. त्याच महिन्यात अकरा वर्षांची ही मुलगी बीबीसी उर्दूसाठी रोजनिशी लिहू लागली. टोपणनाव, गुल मकई. काय लिहिलं तिनं? वर्गातल्या 27 पैकी आज 11 जणीच आल्या. गणवेश घालून येऊ नका असं शाळेनं सांगितलं, म्हणून ती आवडता गुलाबी ड्रेस घालून गेली. तिथे कळलं, भडक रंगही नकोत. बस, एवढंच. एकही घोषणा नाही. हजेरीचा आकडा आणि कपड्याचा रंग. भीती कशी दिसते हे इतक्या कमी शब्दांत सांगणारं गद्य आपल्यापैकी किती जणांनी लिहिलंय?

तालिबानला झोंबलं ते हे लिहिणं. 2013 मध्ये एका तालिबानी कमांडरनं तिला जाहीर पत्र लिहिलं. त्यातला रोख तिच्या शाळेत जाण्यावर नव्हता, ती आमच्याविरुद्ध लिहिते यावर होता. त्याच वर्षी तिचं आत्मचरित्र आलं, तर पाकिस्तानातल्या खासगी शाळांच्या संघटनेनं ते आपल्या शाळांत बंद केलं. हे बंदूकवाले नव्हेत, शाळा चालवणारे लोक.

मराठी माणसाला हे परकं वाटायला नको. 1855 साली फुल्यांच्या शाळेतल्या चौदाएक वर्षांच्या मुक्ता साळवेचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग-महारांच्या वाट्याला आलेलं दुःख तिनं कोणाचीही भीड न ठेवता मांडलं. तिचं दुसरं लेखन आपल्या हाती नाही. एक निबंध, आणि पुढे काहीच नाही. याची लाज आपल्या वाङ्मयेतिहासाला किती वाटली?

आता पाकिस्तानकडे बोट दाखवणाऱ्यांसाठी. त्यांच्या घटनेत 2010 साली कलम 25-अ आलं: 5 ते 16 वर्षांच्या मुलामुलींना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. ते तिथे कागदावर राहिलं, हे खरं. पण आपल्या 2009 च्या कायद्याचा कागदच 6 ते 14 चा आहे. गोळी लागली तेव्हा मलाला 15 वर्षांची होती. आपल्या कायद्यानं तिला आधीच सोडून दिलं असतं.

आणि नेमक्या त्याच वयात बीडची मुलगी शाळेतून जाते. ऊसतोडीची उचल नवरा-बायकोच्या जोडीला मिळते, म्हणून पोरीचं लग्न उरकलं जातं आणि दिवाळीच्या सुमाराला ती कोयता घेऊन फडावर असते. तिला शाळेबाहेर काढायला कोणी हुकूम काढावा लागत नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी लागत राहते, आणि 27 पैकी किती उरल्या हे लिहून ठेवणारं त्या वर्गात कोणी नसतं.

म्हणून मला मलालावरच्या कविता नकोत. या महाराष्ट्रात त्या वयाच्या मुलींनी लिहिलेलं हवंय, व्याकरणाच्या चुकांसकट.

संयोजकांनी मला पाऊण तास दिला आहे. मी माझं भाषण इथेच थांबवते. उरलेला वेळ अध्यक्ष म्हणून माझा आहे. दारातल्या मुलींनो, ताटं खाली ठेवा. वर या. तुमच्या वर्गात किती जणी होत्या आणि आता किती आहेत, ते माईकवर सांगा. पुढच्या रांगेतल्या मान्यवरांनी जागेवरून उठू नये.