शंकेच्या तासाचा हिशेब



वैद्यकीय लेखन करणाऱ्यांची सभा पुण्यात, मुंबईत, नाहीतर हैदराबादच्या एखाद्या हॉटेलात भरायची, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. ती यंदा नांदेडला भरली, यात आपण नांदेडवर काही उपकार केलेले नाहीत. या धंद्यातली कितीतरी मुले-मुली याच भागातून गेलेली आहेत. लातूरच्या शिकवण्यांत वर्षे घासूनही ज्यांचा एमबीबीएसला नंबर लागला नाही, त्यांनी बीडीएस, बीएएमएस, बी.फार्म. केले आणि त्यांतले काही आज औषध कंपन्यांचे शोधनिबंध लिहितात. घरी विचारले तर आई सांगते, "पोरगं मेडिकलच्या कंपनीत कॉम्प्युटरवर असतंय." यापेक्षा नेमके वर्णन मलाही करता येणार नाही.

कंपनीकडे चाचणीची आकडेवारी असते, मोठ्या डॉक्टरांकडे नाव असते आणि मधे आपण असतो. निबंध, स्लाइड, रुग्णांची माहितीपत्रके, संमतिपत्रांचे मराठी अनुवाद हे सगळे आपल्या हातून जाते. पैसे कंपनी देते, नाव डॉक्टरांचे छापले जाते आणि गोळी गिळणाऱ्याला यातले कुणीच माहीत नसते. म्हणून लेखनाची ही कामे घेणाऱ्या एजन्सीच्या चार भिंतींतला कारभार कसा चालतो, ही केवळ नोकरदारांच्या सुखदुःखाची गोष्ट राहत नाही.

एक प्रकरण थोडे सविस्तर सांगतो. 2001 मध्ये अमेरिकेतल्या बालमानसोपचाराच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात पॅरॉक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचा निबंध आला. चाचणीचे नाव 'स्टडी 329'. किशोरवयीन मुलांना औषध लागू पडते आणि फारसे बाधत नाही, असा निष्कर्ष. खाली 22 लेखकांची नावे. मसुदा मात्र कंपनीने नेमलेल्या एका एजन्सीतल्या लेखिकेने तयार केला होता, हे पुढे कोर्टकज्ज्यांच्या कागदपत्रांतून बाहेर आले. 2012 मध्ये हे औषध बनवणाऱ्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने अमेरिकेच्या सरकारशी 3 अब्ज डॉलरची तडजोड केली. 18 वर्षांखालच्या मुलांसाठी याच औषधाचा केलेला बेकायदा प्रचार त्या प्रकरणाचा एक भाग होता. 2015 मध्ये 'बीएमजे'ने त्याच चाचणीच्या मूळ नोंदींची फेरतपासणी छापली. औषधाचा गुण औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त दिसला नव्हता आणि अपाय वाढले होते. त्यांत आत्महत्येचे विचार आणि तसे वर्तनही होते. निबंध आणि फेरतपासणी यांत 14 वर्षे गेली.

त्या लेखिकेला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. मला कुतूहल आहे ते अशा कामाच्या जागेचे. आकडा आणि वाक्य जुळत नाही, हे टेबलावरच्या एखाद्याच्या ध्यानात आले, तर तो कुणाकडे जाईल? आणि त्या जाण्यायेण्यात गेलेला अर्धा तास टाइमशीटच्या कोणत्या रकान्यात भरेल?

हसू नका, हा प्रश्न गंभीर आहे. आपल्याकडे तासाला बिल लागते. मूळ निबंध पुन्हा उघडून संदर्भ पडताळणारा माणूस 'स्लो' ठरतो. क्लायंटची दुरुस्ती संध्याकाळी सातला येते आणि सकाळपर्यंत फाइल हवी असते, कारण आपल्या रात्री तिकडे न्यू जर्सीत दिवस असतो. 'लक्षणीय सुधारणा' असे लिहा म्हटले की लिहायचे. आकडेवारीत ती आहे का, हे विचारायचे नाही. विचारणाऱ्याच्या अप्रेझलमध्ये 'क्लायंटशी जुळवून घेत नाही' असा शेरा पडतो. असे दोन शेरे पडले की हुशार मुलगी गप्प बसायला शिकते. तिसऱ्या वर्षी ती टीम लीड होते आणि नव्यांना गप्प बसायला शिकवते.

असे गप्प बसवण्याची आणि चूक दिसली की कारणाऐवजी माणूस शोधण्याची सवय आपल्यापुरतीच आहे असेही नाही. याच नांदेडात, विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात, 2023 च्या ऑक्टोबरच्या आरंभी 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बाळे होती. मग एका खासदारांनी अधिष्ठात्यांकडून शौचालय साफ करून घेतले. त्याची चित्रफीत देशभर फिरली. औषधखरेदी, रिक्त पदे आणि रुग्णालयावरचा भार यांबद्दल उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन सरकारला प्रश्न विचारले, पण ते किती जणांच्या मोबाइलवर पोहोचले? अधिष्ठाते निर्दोष होते की नव्हते, हा माझा विषय नाही. वरिष्ठाचा असा पाणउतारा पाहिलेली परिचारिका उद्या इंजेक्शनचा साठा संपत आल्याचे लेखी कळवेल का, हा आहे.

उलट उदाहरणही लांब नाही. 1966 मध्ये, लातूर अजून उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव असताना, डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे विवेकानंद रुग्णालय उभे केले. प्रत्येकाने वेगळी पाटी लावून वेगळा गल्ला मांडला असता, तर कुणी नावे ठेवली नसती. त्यांनी एकत्र काम करायचे ठरवले आणि ते दशकानुदशके टिकवले. डॉ. कुकडे यांना 2019 मध्ये पद्मभूषण मिळाले. एका छपराखाली काम करणारे डॉक्टर एकमेकांचा निर्णय तपासू शकतात, ही त्यातली मला मोलाची वाटणारी गोष्ट.

आपल्या कायद्यातही हे शहाणपण आहे. 2019 च्या औषध-चाचणी नियमांनुसार चाचणीला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीत किमान सात सदस्य लागतात आणि त्यांत एक सामान्य माणूस असावाच लागतो. मुखेडच्या शेतकऱ्यापुढे ठेवायचे संमतिपत्र वाचून "मला हे कळलं नाही" असे या सदस्याने बैठकीत म्हणायचे असते. प्राध्यापकांना ते म्हणणे जड जाते. मग एजन्सीत असा एक माणूस का नसावा? संमतिपत्र उलट इंग्रजीत करून पाहिले की जबाबदारी संपली, असे आपण मानतो. इंग्रजी जुळते, पण शेतकऱ्याला काय कळले, ते त्यातून समजत नाही.

आणखी एक. निबंध लिहायला मदत कुणी केली आणि तिचे पैसे कुणी दिले, हे ऋणनिर्देशात छापावे, असा वैद्यकीय संपादकांचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. आपले नाव तिथे येत नसेल तर मागून घ्या. यात मोठेपणा मिरवायचा नाही. नाव छापून येणार असले की हात आपोआप जपून चालतो.

एजन्सी चालवणारे काहीजण समोर बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे. फळांच्या टोपल्या, शुक्रवारचे खेळ, भिंतीवरची घोषवाक्ये हे सगळे खुशाल ठेवा. पण सोमवारी कार्यालय उघडाल तेव्हा टाइमशीटमध्ये शंकेचा रकाना आखा. तो वेळ बिलात लावा. आणि ज्या क्लायंटला तो खर्च नको असेल, त्याचे काम घेऊ नका.