बाटलीवरचे गाव



‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ हे सुला कंपनीच्या एका लाल वाइनचे नाव आहे. शिराझ ही द्राक्षाची जात परदेशातून आलेली, ‘रिझर्व्ह’ हा शब्द वाइनच्या व्यापारातला. पण नावाच्या आरंभीची दिंडोरी नाशिक जिल्ह्यातल्या कळवणकरांच्या रोजच्या वाटेवरची. कळवणहून नांदुरी, वणी करत नाशिकला जाणारी एसटी जिथे थांबते, तीच ही दिंडोरी. शेजारच्या तालुक्याचे नाव मुंबई-दिल्लीच्या हॉटेलांत आणि परदेशातही घेतले जाते, ही मोठीच गोष्ट आहे.

चाळीस वर्षांपूर्वी असे नव्हते. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फेसाळती वाइन तयार केली. तिला नावे मिळाली ती ‘मार्कीज द पॉम्पादूर’ आणि ‘ओमर खय्याम’. एक फ्रान्सच्या राजदरबारातले, दुसरे इराणच्या कवीचे. भारतात वाइन होते हेच जिथे कोणाला ठाऊक नव्हते, तिथे उसन्या नावाचा आधार घ्यावा लागला, हे समजण्यासारखे आहे. आज मात्र तशी गरज उरलेली नाही.

वाइनच्या बाबतीत गावाला एवढी किंमत का? द्राक्षाची जात एकच असली, तरी माती, उंची, पाऊस बदलला की रस बदलतो, हे एक कारण. दुसरे कारण पिणाऱ्याच्या मनातले आहे. पेल्यातले सगळे बारकावे जिभेला उमगत नाहीत, म्हणून तो लेबलावर भरवसा ठेवतो. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या मळ्यांची प्रतवारी ठरली. ती यादी जवळजवळ तशीच अजून बाटल्यांचे भाव ठरवते आहे. पण २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्येच फ्रेंच परीक्षकांपुढे नावे झाकून पेले ठेवले गेले, आणि लाल व पांढऱ्या दोन्ही प्रकारांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्याच्या वायनरींनी पटकावला. त्यानंतर काही वर्षांतच ‘नापा’ हे नावच मोठी पत बनले. गावाचे नाव एका पिढीतही उभे राहू शकते, ते असे.

मग असे नाव उभे करायला कळवणच्या बाजूला सांगण्यासारखे काय आहे? पुष्कळ आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बागलाणची नोंद केली. डोंगराळ मुलूख, साल्हेर-मुल्हेरसारखे बळकट किल्ले, आणि तिथल्या उत्तम फळांत द्राक्षे आणि डाळिंबे. आजचे सटाणा आणि कळवण हे तालुके त्याच जुन्या बागलाणात येतात. ही नोंद फळांची आहे, वाइनची नाही. ‘चारशे वर्षांची वाइन-परंपरा’ असे कोणी लेबलावर छापले, तर ती थाप ठरेल. पण या मातीत वेल चारशे वर्षांपूर्वीही फळत होता, हे खरे आहे आणि तेवढे पुरेसे आहे.

त्याहूनही जुना साक्षीदार म्हणजे प्रवासी इब्न बतूता. चौदाव्या शतकात दौलताबादबद्दल लिहिताना त्याने म्हटले, की इथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात. दख्खनच्या द्राक्षशेतीचे मर्म त्याला नेमके दिसले होते. युरोपातला वेल कडक थंडीत झोपी जातो. आपल्याकडची थंडी त्याला झोपवण्याइतकी नसते. म्हणून इथला शेतकरी दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात, तेव्हा फ्रान्सचे मळे उघडेबोडके असतात.

कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यात तर काही शेतकरी ऐन पावसाळ्याच्या तोंडाशी छाटणी घेतात. बाजार रिकामा असताना माल न्यायचा, म्हणून हे धाडस. फुलोरा पावसात सापडला की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, घड कुजतात, सगळा खर्च पाण्यात जातो. ही द्राक्षे खाण्याची. मोठ्या मण्याची, पातळ सालीची, बिनबियांची. वाइनला लहान मणी, जाड साल आणि बी असलेल्या जाती लागतात, कारण लाल वाइनचा रंग सालीतून आणि तुरटपणा साल व बियांतून उतरतो. म्हणजे आजचा कळवणचा मळा उद्या तसाच बाटलीत जाणार नाही. पण वेलाची नाडी ओळखणारे हात इथे आहेत.

‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. गोव्याच्या काजू फेणीला ते २००९ मध्ये मिळाले, आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेयाचा मान दिला. इथे कळवणच्या आदिवासी पाड्यांवरचा मोह आठवल्यावाचून राहत नाही. वसंतात मोहाची फुले वेचायची, वाळवायची, त्यांची दारू देवाला आणि लग्नकार्याला, ही कोकणा आणि भिल्ल घरांची जुनी रीत. इंग्रजांनी १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदाच केला होता. द्राक्षाच्या पेयाला वारसा म्हणायचे आणि मोहाच्या पेयाला फक्त हातभट्टी, हा भेदभाव आहे. वारशाचा हिशेब मांडताना मोह गाळता येणार नाही.

छाटणीला माणसेही याच डोंगरांतून जातात. सुरगाणा, पेठ, कळवणच्या पाड्यांवरून टोळ्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे उतरतात. कात्री चालवणे, डोळे मोजून काडी ठेवणे, विरळणी, तोडणी हे सगळे त्यांच्या हातचे. वायनरीच्या गच्चीवर बसलेल्या पाहुण्याला धरण दिसते, मावळतीचा सूर्य दिसतो. या टोळ्यांची गोष्ट त्याला सहसा कोणी सांगत नाही. बाटलीच्या मागच्या बाजूला एक लेबल असतेच. द्राक्षाचे गाव, छाटणीचा महिना आणि छाटणाऱ्या टोळीचा पाडा एवढा मजकूर त्यावर सहज मावतो, आणि नाशिकच्या वायनरींनी तो येत्या हंगामापासून छापायला हरकत नसावी.