जुनें पेरणीयंत्र घेतांना

(गांवच्या शाळेंत शेतकरी मंडळींपुढें केलेलें भाषण)



मृग जवळ आला म्हणजे बाजारांत जुन्या पेरणीयंत्रांवर नवा रंग चढूं लागतो. आम्ही पडलों शाळामास्तर. तरी घरीं दोनतीन एकर रान आम्हांलाही आहे, आणि मुलांना जें गणित शिकवितों त्याचाच आज येथें उपयोग करावयाचा आहे.

नव्या यंत्राची ऐपत नाहीं, बैलजोड्या गांवांतून कमी झाल्या. ट्रॅक्टर भाड्यानें मिळतो, पण पेरणीयंत्र ऐन वाफशाला दुसऱ्याच्या रानांत असतें. तेव्हां जुनें यंत्र घेण्याचा विचार वाईट नाहीं. परंतु उधारीच्या बियाण्यावर दुबार पेरणी आली, म्हणजे स्वस्तांत घेतलेलें यंत्र फार महाग पडतें.

विकणारा फाळांकडे बोट दाखवितो. फाळ झिजले असतील तर झिजूं द्या, ते बदलतां येतात. नळ्या तर किरकोळ. पाहावयाचें तें सांगाड्याकडे व पेटीच्या पोटांत. सांगाड्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना सुतळी लावून दोन्ही कर्ण मोजा. फरक फार आला तर सांगाडा वांकला आहे, तेथूनच घरीं परतावें. खताची पेटी आंतून खरवडून पाहा. खत ओल धरतें व लोखंड खातें. रंगाखालीं पत्र्याची चाळण झालेली असते. मग बीं सोडणाऱ्या रुळांच्या खांचांवरून बोट फिरवा. एकाच रुळाच्या खांचा झिजल्या असतील तर एक तास दाट व दुसरें विरळ.

आतां खरी परीक्षा. सोयाबीनचें उदाहरण घेऊं. पांच फाळ, दोन तासांत दीड फूट अंतर, म्हणजे साडेसात फूट रुंदी. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. म्हणून यंत्र सुमारें १४५ फूट चाललें कीं एक गुंठा पेरला गेला. चाकाला सुतळी गुंडाळून घेर मोजा. तो पांच फूट निघाला तर २९ फेरे. यंत्र विटांवर असें टेकवा कीं चाक मोकळें फिरेल. पेटींत आपलेंच बीं भरा, प्रत्येक नळीखालीं पिशवी बांधा आणि फेरे सावकाश द्या. एकरीं ३० किलो पेरावयाचें तर गुंठ्याला ७५० ग्रॅम, म्हणजे प्रत्येक पिशवींत १५० ग्रॅमच्या आसपास बीं यावें. एकूण कमीजास्त आलें तर काळजी नको, तें जुळवितां येतें. पण पिशवीपिशवींत मोठा फरक आला तर तें यंत्र सोडा.

तें बीं तळहातावरही घ्या. सोयाबीनची साल फार नाजूक. फुटून डाळ झालेले दाणे बरेच दिसले तर यंत्र बीं भरडतें आहे. तें मातींत कुजेल, आणि तुम्ही दोष बियाण्याला द्याल. सौद्याला घरच्या बाईला बरोबर न्या. जिनें तिफणीच्या चाड्यावर मूठ धरली आहे, तिला बीं सारखें पडतें कीं नाहीं हें विकणाऱ्यापेक्षां लवकर कळतें.

“आतां घेऊन जा, पैसे सुगीवर द्या,” असें म्हणणाऱ्याच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करूं नका. रक्कम, तारीख व यंत्रावरचा नंबर पावतीवर लिहून घ्या. चौघे मिळून घेणार असाल तर पाळी आधींच ठरवा, कारण भांडण तेथेंच होतें. मुरमाड रान आधीं वाफशावर येतें, काळें मागून. त्या क्रमानें चालावें, आणि रानें सारखीं असतील तेथें चिठ्ठ्या टाकाव्या.

येत्या रविवारीं शाळेच्या पडवींत वजनकांटा ठेवूं. ज्यांना यंत्र पाहावयास जावयाचें असेल त्यांनीं सुतळी आणि पांच पिशव्या घेऊन यावें.