बावीस रुपयांची पावती
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘कायदा, पैसा आणि माणुसकी’ असा भारी विषय कमिटीने माझ्या गळ्यात घातलाय. मी काही त्यातला पंडित नाही. पण येताना एक कागद आणलाय. गिरगावातल्या आमच्या खोलीची 1978 सालची भाडेपावती. भाडं 22 रुपये.

महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसं वाढली, घरं मात्र पुरेना. अडलेल्याला मालकाने नाडू नये म्हणून सरकारने भाड्याला वेसण घातली. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने आधार धरला तो 1 सप्टेंबर 1940 च्या भाड्याचा. डोक्यावरचं छप्पर ही लिलावात काढायची वस्तू नव्हे, हा त्यामागचा विचार. त्याच विचाराच्या जोरावर माझ्या वडिलांनी गिरणीच्या पगारात आम्हा चार भावंडांना शिकवलं. ते ऋण मी विसरणार नाही.

पण दुसरी बाजूही मी पाहिली. चाळीच्या मालकीणबाई विधवा होत्या. 18 खोल्यांचे महिन्याला मिळून 396 रुपये, त्यातूनच पालिकेचा कर. जिना हलायला लागला तेव्हा त्या दारात येऊन म्हणाल्या, “दादा, सगळ्यांनी थोडं वाढवून द्या, जिना करून घेते.” वडील म्हणाले, “कायद्यात बसत नाही, बाई.” अठराही बिऱ्हाडांनी तेच सांगितलं. दोन वर्षांनी त्याच जिन्यावरून माझी आजी पडली, ती पुन्हा उठली नाही. दोष कुणाला देऊ?

कायदा चांगल्या मनाने केला होता. पण त्या चांगुलपणाचा खर्च एकट्या मालकावर टाकला होता, आणि शेवटी तो जिन्याने भरला. मग पडक्या इमारतींसाठी 1969 मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. 1973 मध्ये, 1 फेब्रुवारीला लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. त्यांचं भलं झालं, पण इतर मालकांनी असा धसका घेतला की रिकामी घरं कुलपात ठेवली. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गोठवलेलं भाडं आता न्याय्य उरलेलं नाही. 31 मार्च 2000 ला नवा कायदा लागू झाला आणि वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा मिळाली. एवढं कळायला अर्धं शतक गेलं!

हे आज का सांगतो? मागच्या सर्वसाधारण सभेत सूचना आली, की भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर जबर चार्ज लावा. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसना सरकारने 2001 मध्येच सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा घातली आहे, म्हणून विषय मिटला. पण मला खटकलं ते वेगळंच. हात वर करणारे आम्ही बहुतेक चाळीतून आलेले, एकेकाळचे भाडेकरू!

सभेत एक सभासद, एक मत. भाडेकरूला मत नाही, पण त्याची मुलं आपल्याच अंगणात खेळतात. म्हणून पुढच्या वेळी हात वर करण्याआधी दोनच प्रश्न विचारूया. यात कुणाचं भलं आहे? आणि त्याची किंमत कोण मोजणार आहे? सरकारचा कायदा असो की सोसायटीचा ठराव, दुसरा प्रश्न राहून गेला की कुठला तरी जिना हलायला लागतो.

सोसायटीला पंचविशीच्या शुभेच्छा.