झेलणे आणि जिरवणे



आज दुपारी भरतीच्या वेळी मी विजयदुर्ग किल्ल्याच्या तटावर काही काळ उभा होतो, आणि व्याख्यानाचा प्रारंभ कोठून करावा हा प्रश्न तेथेच सुटला. तटाच्या चिऱ्यांवर आदळलेली लाट आपले बरेचसे बळ घेऊन माघारी फिरत होती आणि मागून येणाऱ्या लाटेशी झुंजून पाणी अधिकच खवळवीत होती. तीच लाट पुळणीवर पोचली की वाळूत मुरत, फेसाळत, दम सोडत निमूटपणे संपत होती. तटाने लाट झेलली, पुळणीने ती जिरवली. वाहनांच्या कंपनांसंबंधी जे शोध लागले आणि त्यांची जी एकस्वे दप्तरी दाखल झाली, त्यांतील फार मोठा भाग या दोन क्रियापदांमधील भेद ओळखण्यात खर्ची पडला आहे असे माझे मत आहे. आणि हा भेद प्रवाशाच्या सुखापुरता नसून त्याच्या जिवाशी निगडित आहे, हे मला आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

हापूसच्या पेटीत पेंढा कशासाठी घालतात हे या मुलखात कोणाला सांगायला नको. पेंढा दबतो, त्याच्या काड्या एकमेकींवर घासतात, आणि धक्क्याचे बळ त्या घर्षणात नाहीसे होते. त्याच्याऐवजी कोणी उत्तम रबरी चेंडू घातले, तर धक्का तेही झेलतील, पण झेललेला धक्का फळाला परत करतील, आणि आंबा मुंबईपर्यंत रात्रभर नाचत जाईल. यंत्रशास्त्रात ज्याला अवमंदन म्हणतात ते हेच पेंढ्याचे काम होय.

पेंढा नीट घातलेला असूनही माल बिघडतो, याचा दाखला मी तरुणपणी पाहिला आहे. एका मे महिन्यात पेट्यांच्या टेम्पोबरोबर मी कोल्हापूरला गेलो होतो. बाजारात पेट्या फोडल्या तेव्हा पुढचा माल जसाच्या तसा होता. पण मागच्या टोकाला, डाव्या अंगाला, वरच्या थरात रचलेल्या पेट्यांतील फळे दबून मऊ पडली होती. व्यापाऱ्याने दर पाडला; बागायतदाराने पेंढा कमी घातल्याचा ठपका पेट्या भरणाऱ्या गड्यावर ठेवला, आणि त्या गड्याची मजुरी कापली गेली.

बैलगाडीच्या चाकाला झेलणेही ठाऊक नव्हते आणि जिरवणेही. लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापवायची, लाकडी चाकावर चढवायची आणि पाणी ओतून आवळून घ्यायची. मग दगडावरून जाताना दगडाचा प्रत्येक कंगोरा गाडीवानाच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोचलाच म्हणून समजावे. 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला आपली पहिली एस.टी. निघाली, तेव्हा काथ्याच्या बैठकींखालचा मुख्य आधार होता तो पोलादी पाट्यांचा. एकावर एक रचलेले हे पाटे वाकून धक्का झेलतात, आणि परस्परांवर घासून थोडासा जिरवतातही; पण हे घर्षण गंजाने वाढते, वंगणाने घटते, आणि त्याच्यावर कोणाचाही अंमल चालत नाही. अधिक माल भरता यावा म्हणून आपल्याकडे बिनदिक्कत एखादा पाटा वाढवितात, त्याने झेलण्याची ताकद तेवढी वाढते, जिरवण्याची तजवीज कोणी करीत नाही.

ती तजवीज म्हणजे शॉकअप. तेलाने भरलेल्या नळकांड्यात एक दट्ट्या वरखाली होतो, दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेलाला वाट काढावी लागते, आणि त्या ओढाताणीत कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. 1961 साली स्थापन झालेल्या गेब्रिएल इंडियाने महाराष्ट्रात शॉकअपचे उत्पादन चालविले, आणि 1966 साली पुण्यात उभ्या राहिलेल्या ‘एआरएआय’ या संशोधन संस्थेने वाहनांच्या परीक्षणाची शिस्त आणली. पण छिद्र एकदा पाडले की तेवढेच राहते, मग रस्ता डांबरी असो वा चिखलाचा. या अडचणीवरचा तोडगा अमेरिकेत जेकब रॅबिनो यांनी 1948च्या सुमारास शोधलेल्या द्रवात दडलेला होता: तेलात लोहाचे सूक्ष्म कण मिसळायचे, आणि भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होताच ते तेल क्षणार्धात लापशीसारखे घट्ट व्हायचे. त्याला मोटारीत स्थान मिळायला 2002 साल उजाडले. मधल्या काळात, 1974 साली, कार्नॉप नावाच्या अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण कल्पना मांडली: वाहनाची काया जणू आकाशातील स्थिर खुंटीला बांधलेली आहे असे मानून नळकांड्याचा जोर क्षणोक्षणी बदलावा. आकाशात खुंटी नसते, हे खरे. परंतु नसलेल्या खुंटीचा हिशेब धरून खरे यंत्र चालविता येते, हा मला मानवी बुद्धीचा मोठाच पराक्रम वाटतो.

आता चाकाकडे वळू. गाडीची काया सेकंदाला एक-दीड वेळा डुलते, चाक मात्र दहा-पंधरा वेळा थरथरते. ही थरथर जिरली नाही तर चाक रस्त्यावरून उचलले जाते, आणि हवेतल्या चाकावर ना ब्रेकचा हुकूम चालतो ना सुकाणूचा. मोटारीचा प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. 1888 साली बेलफास्टच्या डनलॉपने मुलाच्या तीनचाकीला हवेची नळी बसविली ती हादरे कमी करण्यासाठी. पण त्या मऊ रबराने झेलण्याजिरवण्याखेरीज रस्त्याला धरून ठेवण्याचे कामही अंगावर घेतले, आणि ही पकडसुद्धा बऱ्याच अंशी रबर दबताना जी ऊर्जा जिरते तिच्यातूनच उपजते. ब्रेक दाबल्यावर चाकाची गती वाहनाच्या गतीपेक्षा साधारण दहा ते वीस टक्के कमी असते तेव्हा पकड सर्वाधिक. चाक पुरते अडकले की ती घटते आणि गाडी सुकाणू ऐकेनाशी होते. चाकाच्या फेऱ्या मोजून ब्रेक सोडणारी-धरणारी बॉशची ‘एबीएस’ 1978 साली मर्सिडीजमध्ये आली. आपल्याकडे मोटारींना आणि 125 सीसीवरील दुचाकींना ती सक्तीची व्हायला 2019 उजाडले.

याहून सूक्ष्म युक्ती पुढे निघाली. टायरलाही स्वतःचा सूर असतो, सेकंदाला चाळीसएक कंपनांचा. हवा कमी झाली की तो उतरतो, आणि फेऱ्या मोजणारे तेच यंत्र हा उतरलेला सूर ओळखून चालकाला इशारा देते. ज्या कंपनाला आजवर आपण केवळ शत्रू लेखीत होतो, त्याचीच साक्ष काढली जाऊ लागली.

त्या मे महिन्यातील परतीचा प्रवास सांगावयाचा राहिला. टेम्पो रिकामा, करूळ घाटाचा उतार, आणि वळवाची पहिली सर नुकतीच सुरू झालेली. एका वळणावर ब्रेक लागताच मागची डावी बाजू थाडथाड उडाली, गाडी आडवी सरकली आणि डोंगराकडच्या गटारात चाक घालून थांबली. दरी पलीकडच्या अंगाला होती म्हणून मी आज आपणापुढे उभा आहे. ड्रायव्हर, वयाने माझ्याहून बराच वडील, काही न बोलता खाली उतरला, गाडीखाली वाकला आणि मला म्हणाला, “हात लावून बघा.” मी उजव्या शॉकअपला हात लावला, उताराभर राबून तो चांगला ऊन झाला होता. डाव्याला लावला. त्याच्यावर तेलाने भिजलेल्या धुळीचा जाड थर होता, आणि तो थंडगार होता. त्यातले तेल केव्हाच गळून गेले होते. कोल्हापूरला जातानाही तो तसाच थंड असणार.

पेंढ्यात काहीच कमी नव्हते.